सणसरच्या पुढं न जाणारी गाडी

"ते समदं बाजूला ठेव. गाडी बंद पडल्यावर आदी काय केलंस तू? बोनेट उघडलंस का फोन लावलास?"

"फोन लावला, चाचा. तुमालाच."

"मंजी बोनेट न्हायच उघडलं."

"उघडून मला त्यातलं काय कळतंय?"

"नाक हाय का न्हाय तुला? पेट्रोलचा वास येत हुता, का वायर जळल्यावानी, का कसलाच न्हाय?"

मल्हारनं मान खाजवली. "कसलाच न्हाय. आई मागं बसून धापा टाकत हुती, चाचा. मी वास घेत बसू का तिचं बघू?"

अय्युबनं पुढचा प्रश्न गिळला. हातातल्या चिंधीला बोटं पुसत तो गाडीभोवती एक चक्कर मारून आला.

निमगाव केतकीत बाजारतळाच्या कडंला त्याचं पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. 'जुन्या आठशेवाला मेस्त्री' एवढं विचारलं की एसटी स्टँडवरचा कुणीही बोट दाखवतो. बाप बाजारात स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करायचा. अय्युब वालचंदनगरच्या एका गॅरेजात वाढला. तिथं कॉलनीतल्या साहेबलोकांच्या गाड्या यायच्या आणि त्यांच्या खालीच त्याला मिसरूड फुटलं. हल्लीच्या, लॅपटॉप लावून बोलत्या करायच्या गाड्या तो सरळ बारामतीला पाठवून देतो. कार्बोरेटरवाल्या, नळ्या-तारांच्या, वयात आलेल्या गाड्या मात्र इंदापूरपासून भिगवणपर्यंतच्या त्याच्याकडंच येतात.

गिऱ्हाइकाला खात्री द्यायची त्याला सवय नाही. "झाली का गाडी?" असं कुणी विचारलं की "बघू" म्हणतो. गाडी दारातनं निघून मोठ्या रस्त्याला लागली तरी "बघू". त्याची बायको जरिना दुकानात बसून सुटे भाग बघते. ती म्हणते, "निकाहाला बी ह्यो काजीला 'बघू'च म्हणणार हुता. काजी घाईत हुता म्हणून माजं जमलं."

असा हा माणूस मल्हारच्या आईला, भामाबाईला, "जावा बिनघोर, आता न्हाय बंद पडायची" असं बोलून बसला होता. आणि त्यानंतर गाडी पुन्हा बंद पडली होती.

गाडी पांढरी आठशे. मल्हारच्या वडलांनी, कळसच्या बापूसाहेबांनी, मेंढरं फिरवणं सोडून शेतीत बसायचं ठरवलं तेव्हा मेंढरांचा शेवटचा कळप विकला आणि वालचंदनगरच्या एका साहेबाकडनं ती घेतली. तिचं आता मल्हारएवढंच वय झालं असेल. तिनं घरातली लग्नं, बाळंतपणं, मयती सगळं ओढलं. आता तिच्यावर एकच काम होतं. भामाबाईची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातनं दोनदा तिला बारामतीच्या दवाखान्यात मशीनवर घालावं लागायचं. गेल्या फेरीला गाडी सणसरपाशी अडली. पोचायला उशीर झाला, मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं, आणि भामाबाई तशीच परत आली. घरी तिला आडवं पडता येईना. आडवी झाली की जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरनं फोनवर मल्हारला स्वच्छ सांगितलं होतं: आता एक फेरी जरी चुकली तरी मी काही बोलू शकत नाही.

पुढची फेरी उद्या होती.

"दुसरी गाडी बघ की तवर," जरिना दुकानातनं म्हणाली.

"कुणाची बघू, चाची? गावातल्या समद्या पिकअप कारखान्यावर गेल्यात. भाड्याची एकदा मिळंल, दोनदा मिळंल. हे काय एक दिवसाचं हाय का? आन बंद काचंच्या गाडीत आई वकाऱ्या काढती."

अय्युब ऐकत होता. पण त्याचं डोकं गाडीत होतं. रोग विचित्र होता. कळसवरनं गाडी गुमान निघायची. जंक्शन, लासुर्णे ही गावं बिनतक्रार. सणसर आलं की आचके द्यायची आणि बसायची. अर्धा तास तशीच उभी केली की आपोआप चालू व्हायची आणि बारामतीपर्यंत काही बोलायची नाही. तापली की मरते, निवली की जगते, म्हणून त्यानं पहिल्यांदा कॉइल बदललं. मग पॉइंट बदलले. मग कार्बोरेटर खोलून दात घासल्यासारखा घासला. फरक शून्य.

"आन एक गंमत हाय," मल्हार म्हणाला. "लासुर्ण्याला पेट्रोल टाकलं की त्या दिवशी बंद पडत न्हाय."

"आदी का न्हाय सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं?"

अय्युबला ते पटलं. टाकी भरलेली असली की इंजिनावरच्या पंपाला ओढायला सोपं जातं, खाली गेली की जड. म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनाला आणून देणारा एसी पंप थकला. आतला पडदा सैल झाला असेल, तापला की लोंबत असेल. हिशेब बसला. त्याच्या तोंडावरचा ताण थोडा उतरला.

पण ह्या गाडीचा पंप आता मिळतो कुठं? बारामतीच्या दुकानात जो नवा म्हणून मिळतो तो महिन्याच्या आत रडतो. अस्सल पाहिजे तर भंगारातच बघायचा. जरिनाची मावसबहीण शबीना बारामतीला एमआयडीसीकडं असते. तिच्या नवऱ्याचं, सद्दामचं, जुन्या गाड्यांचं भंगार आहे. जरिनानं फोन लावला तो सद्दामला नाही, शबीनाला.

"त्याला का न्हाय लावत?" मल्हारनं विचारलं.

"त्यो बघायच्या आदीच न्हाय म्हणतो. उठाय लागतं ना." मग फोनमध्ये: "शबे, जेवलीस का? बरं, एक काम कर. चपला घाल आन मागं जा. पांढरी, लाल, कसली बी आठशे असंल तर बोनेट उघडून फोटू पाठीव."

फोटो आला. लाल आठशे, मागून चेंगरलेली, तोंड शाबूत. अय्युब मोटारसायकलवर बारामती गाठून पंप घेऊन आला. सद्दामच्या दारातच त्यानं पंपाच्या नळीवर अंगठा दाबून खालचा दांडा हलवला होता. पंपानं अंगठा असा धरला की सोडवून घ्यावा लागला. पडदा जिवंत होता.

दिवस मावळायच्या आत पंप बसला. नेहमीप्रमाणं त्यानं टाकीचं झाकण उघडून काडी आत घातली, पेट्रोल किती ते बघितलं, झाकण लावलं आणि गाडी अंथुर्ण्यापर्यंत पळवून आणली. काही नाही. मग मल्हारला निमगावच्याच पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायला लावली.

"आता?" मल्हारनं विचारलं.

अय्युबच्या तोंडात नेहमीचा शब्द आला होता. मल्हारचं तोंड बघून तो तिथंच राहिला. "सकाळी मी येतो कळसला," तो म्हणाला. "संगं बसतो."

सकाळी तो पिशवीत पाने आणि दोन हात नळी घेऊन कळसला पोचला तेव्हा भामाबाई ओट्यावर बसली होती. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. चप्पल तिनं हातात धरली होती. चेहरा कणकेच्या गोळ्यासारखा फुगला होता.

"आलास व्हय," ती म्हणाली. "तुजी गाडी बसती का चालती आज?"

"माजी कुठली, आक्का? तुमचीच हाय."

"दुरुस्त तू करतुस, बंद ती पडती. मग कुणाची म्हणायची?" एवढं बोलून तिला दम लागला.

अय्युब बोनेटमध्ये वाकून पट्टे दाबून बघत होता. भामाबाई मल्हारच्या खांद्याला धरून गाडीच्या मागून फेरी घेऊन आत बसली. बापूसाहेब बांधावर उभे होते. त्यांनी पटका सारखा करून मान हलवली.

गाडी निघाली. मल्हार चालवत होता, अय्युब शेजारी. आवाज चांगला होता. अय्युबनं काच खाली करून कान बाहेर ठेवला. जंक्शन गेलं. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यानं रांगेत चालल्या होत्या, दोन-दोन ट्रॉल्या एकेका ट्रॅक्टरला, आणि वरून पाचट उडत होतं. मागं भामाबाईचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा येत होता. अय्युबला इंजिन आणि तो श्वास दोन्ही एकाच वेळी ऐकावे लागत होते, आणि कुठला जास्त वाईट ते त्याला ठरवता येईना.

लासुर्णे मागं पडलं. मल्हार हळूच म्हणाला, "सणसरच्या पुढं गेली की नारळ फोडतो."

पण सणसर यायच्या आतच, कालव्याच्या अरुंद पुलावर चढताना गाडीनं एक आचका दिला. मग दुसरा. मल्हारनं पाय दाबला, गाडीनं उलट मान टाकली. इंजिन गेलं.

मागं उसाचा ट्रॅक्टर होता. एवढं ओझं घेऊन चढावर आलेला ट्रॅक्टर ब्रेक मारला म्हणून थांबत नाही, हे ह्या रस्त्यावर पोरासोरांनाही ठाऊक आहे. अय्युबनं दार उघडून खाली उडी घेतली, गळ्यातलं उपरणं काढून हवेत फिरवलं आणि मागच्या डिकीला खांदा लावला. "न्यूट्रल कर. न्यूट्रल कर आन फिरीव."

गाडी बोटभर हलली. मग हातभर. ट्रॅक्टरवाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता. पुलाचा माथा आला तशी गाडी आपल्या वजनानं उताराला लागली, अय्युबचा खांदा सुटला आणि तो गुडघ्यावर आदळला. मल्हारनं गाडी कडंच्या बाभळीखाली घातली. ट्रॉल्यांतलं पाचट टपाला खरवडत निघून गेलं.

भामाबाई मागं तशीच बसून होती. तिनं पुढच्या सीटचा दांडा धरला होता.

"आज बी न्हाय व्हय?" तिनं विचारलं. तिच्या विचारण्यात राग नव्हता, तेच अय्युबला सोसलं नाही.

उपरणं गळ्यात टाकून तो गाडीच्या पुढं आला. बोनेट उघडलं. पंपाकडनं कार्बोरेटरला जाणारी नळी काढली. "सेल मार." मल्हारनं सेल मारला. नळीतनं थेंब नाही. टाकी गळ्यापर्यंत भरलेली, पंप काल अंगठा सोडत नव्हता, आणि नळी कोरडी.

अय्युब थांबला. मल्हार फोन काढून कुणाला तरी गाडी मागत होता. पलीकडचा माणूस शेतात होता, तासाभरात बघतो म्हणत होता. अय्युबनं आपल्या कालच्या हिशेबाकडं पुन्हा बघितलं. टाकी भरली की पंपाला सोपं, मग आज तर गाडी सणसर ओलांडून जायला हवी होती. आज ती सणसरलाही पोचली नव्हती. भरलेल्या टाकीनं ती लवकर मेली होती. म्हणजे हिशेब मुळातच उलटा होता.

त्यानं पंपाच्या अलीकडची, टाकीकडनं येणारी नळी सोडवली, तोंडात धरली आणि ओढली. तोंडात पेट्रोल यायला पाहिजे होतं. आलं नाही. उलट जीभ नळीला चिकटली. तो ओढत होता त्यापेक्षा जोरात पलीकडनं कुणीतरी ओढत होतं.

नळी तोंडातनं सोडवून तो थुंकला आणि लंगडत गाडीच्या मागं गेला. पत्र्याची झडप उघडली. टाकीचं झाकण फिरेना. उपरणं गुंडाळून दोन्ही हातांनी पिळलं तेव्हा ते हललं, आणि टाकीनं लांबच्या लांब सूंऽऽऽ करून हवा आत घेतली. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तशी.

"काय झालं?" मल्हार फोन कानाला तसाच धरून आला.

अय्युब झाकण उजेडात फिरवून बघत होता. झाकण पिवळं होतं. ते नेहमीच पिवळं असायचं. ह्या भागात कुठल्या गाडीला भंडारा नाही? त्यानंही ते शंभरदा बघितलं होतं आणि हात पुसून पुढं गेला होता. पण आज त्यानं नखानं खरवडलं. तेलात कालवलेला भंडारा थरावर थर बसून दगड झाला होता. झाकणाला बारीक भोक असतं; पेट्रोल जेवढं खाली जाईल तेवढी हवा त्यातनं आत यावी म्हणून. ते भोक ह्या लेपाखाली पार बुजलं होतं. हवा आत येईना म्हणून टाकी आतल्या आत पेट्रोल धरून बसायची. गळ्यापर्यंत भरली की आत मुळातच हवा कमी, म्हणून आज ती लवकर मेली. अर्धा तास गेला की कुठनं तरी चोरून हवा शिरायची आणि गाडी चालू व्हायची. लासुर्ण्याला पेट्रोल टाकलं की झाकण उघडायचं. आणि तो स्वतः? गाडी तपासायला घेताना दर वेळी त्यानं आधी झाकणच उघडलं होतं. रोग दाराबाहेर घालवून मग तो घरात रोग शोधत होता.

"आक्का, सेफ्टी पिन हाय का?"

भामाबाईनं पदराची पिन काढून खिडकीतनं दिली. त्यानं भोक टोकरलं, तोंडानं फुंकलं. पुरतं मोकळं होईना. मग झाकण नुसतं टेकवून ठेवलं, वरनं चिंधी कोंबली, नळ्या लावल्या. पाच-सात सेल खाल्ल्यावर गाडी धरली.

"चल. जोरात न्हाय, पर थांबू नगंस."

गाडी रस्त्याला लागली तेव्हा मल्हारनं विचारलं, "काय अडकलं हुतं?"

अय्युबनं बोटाला लागलेलं पिवळं चिंधीला पुसलं. सांगायचं म्हणजे मागं बसलेल्या बाईच्या देवाला हात घालायचा, तोही त्यानं. घरचं माणूस बोललं असतं तर भांडण घरात राहिलं असतं. नाही सांगावं तर नव्या झाकणालाही चार महिन्यांत तेच होणार, आणि पुढच्या खेपेला तो गाडीत असेलच असं नाही. सणसर आलं. गाडी सणसरमधनं पुढं निघाली, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"आक्का," तो मागं न बघता म्हणाला, "झाकणाला भंडारा तुमी लावता का?"

"लावती की. निघताना लावती. का?"

मल्हारनं आरशात बघितलं. "आई, मंजी तुज्यामुळं..."

"तू रस्ता बघ," अय्युब म्हणाला. "आक्काला बोलू दे."

भामाबाईला एकेका शब्दाला थांबावं लागत होतं. "मेंढरं घेऊन निघायचो तवा म्होरक्या बकऱ्याच्या तोंडाला लावायचो. तेलात कालवून. जातंय तसं परत येऊ दे म्हणून. मेंढरं इकून ही आणली. मग हिच्या तोंडाला नगं?"

"तोंड टाकीचंच हुडकलंत."

"खाती तितनंच न्हवं?"

अय्युबला हसू आलं, पण त्यानं ते दाढीत ठेवलं. "खाती तितनंच, आक्का. पर श्वास बी तितनंच घेती. बकऱ्याला नाक येगळं असतंय. हिला तोंड आन नाक एकच हाय. तुमी लेप दिला, हिचा दम कोंडला."

मागनं श्वासाची ती शिट्टी येत राहिली. भवानीनगर आलं, कारखान्याची धुराडी गेली, मळीचा वास गाडीत भरून राहिला. अय्युबला वाटलं, बोललो ते चुकलं. आधीच तिचा जीव टांगलेला आणि त्यात हे.

"बकरं मेलं न्हाय एक बी," भामाबाई शेवटी म्हणाली.

"न्हाय म्हणतो का मी?"

"मग हिचं कपाळ कुठलं?"

"बोनेट. तितं काय बी लावा. वंजळीनं लावा."

"हां," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

बारामतीत दवाखान्याच्या दारात मल्हारनं गाडी तिरकीच सोडली. व्हीलचेअर मिळेपर्यंत अय्युबनं आणि त्यानं तिला दोन्ही काखांत धरून वर नेलं. मशीनपाशी नर्स दुसऱ्या माणसासाठी चादर घालत होती. तिनं वर बघितलं, भामाबाईचे पाय बघितले आणि चादर ओढून घेतली. "काकी, ह्यांना बाहेर बसवते, तुम्ही चढा आधी. किती उशीर."

भामाबाई चढली. नळ्यांतनं रक्त फिरायला लागलं तसा मल्हार भिंतीला टेकून खालीच बसला. अय्युबनं त्याला उठवलं नाही. तो पायऱ्या उतरून गाडीपाशी आला आणि तीच घेऊन सद्दामच्या भंगाराकडं निघाला.

सद्दाम खाटेवर होता. "झाकण? न्हाय."

"लाल आठशे तशीच हुबी हुती की काल."

"तिचं गेलं असंल."

शबीना आतनं झाकण घेऊनच आली. अय्युबनं ते ओठाला लावून फुंकलं. हवा पलीकडं गेली. उलटं करून ओढलं, आली. त्यानं ते दवाखान्याच्या आवारात गाडीला बसवलं, किल्ली मल्हारच्या हातात दिली, "परत जाताना सणसरला थांबू नगंस, जा सरळ," एवढं म्हणाला आणि निमगावची एसटी धरली.

दुपार कलंडली होती. शेडसमोर डाळिंबाचे क्रेट भरलेली पिकअप जॅकवर उभी होती आणि तिचा ड्रायव्हर जरिनाशी हुज्जत घालत होता.

"पोचली का भामाबाई?" जरिनानं विचारलं.

"पोचली. मशीनवर हाय."

"पंपच हुता ना?"

"झाकण."

"मंजी माजी शबी उनातान्हात भंगारात हिंडली ती उगंच?"

"दोनदा हिंडली," अय्युब म्हणाला. काल काढलेला जुना पंप खालनं उचलून त्यानं फळीवर ठेवला. "ह्यो चांगला हाय. कुणाला तरी लागंल."

"मेस्त्री, माल सडंल माजा," ड्रायव्हर म्हणाला. "सकाळधरनं हुबा हाय मी."

अय्युबनं दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून पोतं पसरलं, पिकअपखाली पाठ टेकली आणि पाठीवरच सरकत आत गेला. पुढच्या चाकाच्या आत तेल ओघळून ड्रमपर्यंत आलं होतं. त्यानं बोट लावून वास घेतला.

"ब्रेक किती दिवस खाली जातोय तुजा?" त्यानं खालनं विचारलं.

"दोन-चार दिवस झालं असतील."

"आन तसाच डाळिंब भरून हिंडतोस. सतरा-एकोणीसचा पाना दे हिकडं."

पाना खाली आला. अय्युबनं बोल्टला जोर लावला.